तुझ्या नावाची नोकरी

शेनचेन, कारखान्याचं वसतिगृह
रविवार, १३ नोव्हेंबर २००५

प्रिय योंगनिंग दादा,

हजेरीला तुझं नाव पुकारलं आणि मी ‘हजर’ म्हणून ओरडलो, त्या क्षणी सगळं बदललं. हे वाक्य इतके दिवस मनात घोळतंय की आधी तेच लिहून मोकळा झालो. आता रीतसर नमस्कार.

काकूने पाठवलेली ठेचलेल्या मिरच्यांची बरणी पोचली. वाटेत झाकण सैल झालं होतं, त्यामुळे पोस्टमन शिंकत शिंकतच माझी सही घेत होता. मी मजेत आहे. इकडे अजून एका शर्टावर भागतं. तुमच्याकडे संत्री उतरवून झाली असतील. माझ्या बाबांना नमस्कार सांगायचा की नाही ते तूच ठरव. ते अजून गावभर ‘पोरगा कॉलेजात आहे’ असंच सांगत असतील, तर राहू दे.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर केला. का, ते पुढे येईलच. आधी इकडचं सांगतो.

सध्या आमची लाईन गाणी ऐकायच्या छोट्या डब्या बनवते. अंगठ्याएवढी डबी. ती पट्ट्यावरून सरकत माझ्यापुढे येते, मी तिच्या पाठीला स्क्रू मारतो, ती पुढे जाते. रोज हजारो डब्या हातांखालून जातात, पण त्यातलं गाणं कसं वाजतं ते मी अजून ऐकलेलं नाही. मनगटाला तार बांधलेली असते, म्हणजे अंगातली वीज डबीत जात नाही. बोलायला बंदी. म्हणून सगळे ओठ न हलवता बोलायला शिकलेत. असा हा कारखाना. आपल्या तालुक्यातली सगळी माणसं आणून भरली तरी एक इमारत रिकामी राहील.

माझी पहिली खेप तुला ठाऊक आहे. लाईन लीडरने खराब झालेला नग माझ्या शेजारच्या मुलीच्या अंगावर फेकला, मी उठलो आणि बसायचं स्टूल लाथाडलं. ते जाऊन पट्ट्यात अडकलं. सगळी लाईन ठप्प. दुपारच्या जेवणाआधी मी गेटबाहेर होतो. श्यांग लेई या नावाला कंपनीच्या कुठल्याही गेटातून पुन्हा आत घ्यायचं नाही, असा कायमचा शिक्का बसला. कॉलेजही मी असंच सोडलं होतं. तिथे स्टूल नव्हतं, परीक्षेचा पेपर होता, एवढाच फरक. बाबा म्हणतात, याचं डोकं म्हणजे चुलीशेजारी ठेवलेला फटाका.

मग गावी येऊन तुझं ओळखपत्र मागितलं. तू एक रेडिओ उघडून बसला होतास. काही विचारलं नाहीस. नुसतं म्हणालास, “फोटोत मी जरा जाडा दिसतो. तिकडे नीट जेवत जा.”

भावाबहिणीच्या ओळखपत्रावर काम करणारी पोरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, त्याचं तुला काही वाटलं नसणार. पण हाकललं त्याच कारखान्यात परत कशाला, हे नक्की वाटलं असेल. समोरच्या रस्त्यावर कारखान्यांची रांगच्या रांग आहे. कारण मी तेव्हा सांगितलं नाही. ते कारण तपासणीच्या टेबलावर बसतं, निळी टोपी घालतं आणि डब्यांवरचे ओरखडे शोधतं.

पहिल्या खेपेला खानावळीत ती समोर येऊन बसली होती. माझी मिरचीची बरणी बघून तिने नाक दाबलं. “हे खातोस की भिंतीला फासतोस?”

एवढंच. नाव विचारेपर्यंत मी गेटबाहेर पडलेला. हस, मनसोक्त हस. एका वाक्यासाठी मी तुझं नाव उसनं घेतलं.

तर ती सकाळ. लाईनपुढे रांगा लागल्या होत्या. “श्यांग योंगनिंग!” मी वळून बघितलं. वाटलं, तूच आलास की काय. दुसऱ्यांदा पुकारल्यावर ध्यानात आलं आणि मी ओरडलो. ओरडलो मात्र, पाठ आपोआप सरळ झाली. दुसऱ्याचा कोट घालून लग्नाला गेलं की माणूस कसा रस्सा जपून वाढून घेतो, तसं झालं. डाग पडला तर तो तुझ्या कोटावर पडणार होता.

या खेपेला लाईन वेगळी मिळाली, नशिबाने तिचीच, आणि लाईन लीडरही वेगळा, गाओ. तोंडाचा फटकळ. हजेरी सोडली तर नावाने हाक मारत नाही, प्रांताने मारतो. “ए हुनान! स्क्रू पिळतोयस की मिशी? ए सिचुआन, जागा हो, तुझी आई उठवायला येणार नाही!” एकदा स्क्रू मोजताना एक कमी भरला. इथे स्क्रू मोजून देतात, मोजून परत घेतात. कमी भरला तर तो एखाद्या डबीच्या पोटात खुळखुळत असेल, म्हणून तो सापडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. गाओ थेट माझ्याकडे आला.

“गिळलास का रे मिरचीबरोबर?” त्याने माझी टोपी काढून झटकली. खिसे उलटे केले. “तोंड उघड.”

माझ्या पायाला लाथेची कळ आली, दादा. खरोखरची. मग वाटलं, लेई तोंड उघडणार नाही, पण योंगनिंग उघडेल. उघडेल आणि वर विचारेल, ‘दाढांच्या मागे बघितलंत का?’ मी तोंड उघडलं.

तेवढ्यात तपासणीच्या टेबलावरून बारीक आवाज आला. “गाओ साहेब, मघापासून चालताना तुमचा एक बूट टकटक वाजतोय.”

स्क्रू त्याच्याच बुटाच्या तळाला रुतला होता. सगळ्या लाईनने माना खाली घातल्या, पण खांदे हलत होते. मी टोपी झटकली, घातली आणि पुढची डबी हातात घेतली.

त्या दिवशी जेवताना ती स्वतः समोर येऊन बसली. “एवढी मिरची खाऊन माणूस इतका थंड कसा रे राहतो?”

“दादाने शिकवलं.”

“कुठला दादा?”

“आहे एक. रेडिओ दुरुस्त करतो.”

तिचं नाव वेई सुईलान, ग्वांगशी प्रांताची. म्हणजे बिल्ल्यावर तेच नाव होतं. पुढचं तुला काय लिहू? सुट्टीच्या दिवशी उत्तर गेटबाहेर उसाच्या गाडीपाशी भेटायचो. ती ऊस दाताने सोलते, चाकू लागत नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारीवरचा ओरखडा तिला दिसतो. “डोळ्यांना सवयच लागलीय,” म्हणते. “चंद्र बघायला गेले तरी डाग आधी दिसतात.” मला रात्री झोप नाही, दिवसा भूक नाही, असं झालं होतं. पत्रात हे लिहायचं नसतं, माहीत आहे. पण तुला नाही तर कुणाला लिहू?

ऑक्टोबरात एका रविवारी ती म्हणाली, “योंगनिंग, नव्या वर्षाला माझ्या घरी येशील?”

मुलगी नव्या वर्षाला आपल्या घरी बोलावते याचा अर्थ तुला सांगायला नको. आईवडील, मामा, शेजारीपाजारी सगळ्यांसमोर बसायचं आणि पुढची तारीख ठरूनच उठायचं. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. हो म्हटलं मी. विचारलं होतं योंगनिंगला, म्हणजे तुला.

आणि त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं.

त्यातला शब्द न् शब्द मला पाठ झालाय. कंपनीच्या साच्यांच्या विभागात माणसं घेणार आहेत, परीक्षा कागदावरची नाही, हाताच्या कामाची आहे, नोव्हेंबरअखेर नोंदणी बंद. ‘एका नावावर दोन माणसं आत जाऊ शकत नाहीत हे मला कळतं. तुझी अडचण होणार असेल तर राहू दे.’ हे ‘राहू दे’ वाचून मी तुझ्यावर चिडलो. जन्मात एकदा काही मागतोस, तर ठणकावून माग ना! लहानपणी गावातला एकुलता एक पंप बंद पडला तेव्हा तू दिवसभर त्याच्या पोटात डोकं घालून बसला होतास आणि तो धडधडला तेव्हा तुझा चेहरा मी बघितला होता. साचे बनवणं म्हणजे तुझ्यासाठी काय आहे, हे मला कुणी सांगायला नको.

तरी मी पत्र उशीखाली सरकवलं.

सुईलानमुळे, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. आता जे लिहितोय ते मी तिलाही सांगितलेलं नाही. मला तुझं नाव परत द्यायचं नव्हतं. श्यांग योंगनिंगला इथे मान आहे. नवी पोरं त्याच्याशेजारी बसवतात, त्याचं बघून शिका म्हणतात. वसतिगृहात पंख्याखालच्या जागेवरून दोघांची जुंपली, तर ते योंगनिंगला बोलावतात. म्हणजे मला, दादा! भांडण मिटवायला! लेईला आजवर कुणी कशासाठी बोलावलं होतं? लेई आला की लोक कपबशा आवरून ठेवायचे. सकाळी बिल्ला गळ्यात घातला की मी बरा माणूस व्हायचो. तो काढायची भीती वाटत होती.

शेवटी मी तिला सांगितलं. उसाच्या गाडीपाशीच. म्हटलं, मी योंगनिंग नाही. योंगनिंग माझा चुलतभाऊ. मी लेई, स्टूल लाथाडून बाहेर पडलेला तो मीच.

ती एकदम हसायला लागली. इतकी हसली की ऊस हातातून पडला. “अरे देवा! मी तरी कुठे सुईलान आहे? सुईलान माझी मोठी बहीण. तिला दोन मुलं आहेत! मी आले तेव्हा वय बसत नव्हतं म्हणून तिचं ओळखपत्र घेऊन आले.”

मलाही हसू फुटलं. उसवाला काही न कळताच हसायला लागला. दोन माणसांची लग्नाची बोलणी झाली होती आणि ती दोन्ही माणसं आपापल्या गावी घरात बसलेली!

“मग तुझं खरं नाव काय?” मी विचारलं.

तेव्हा ती हसायची थांबली. “थांब जरा. मी घरी बोलावलं ते योंगनिंगला. शिव्या खाऊन टोपी झटकून परत घालतो, त्याला. हा लेई कोण? त्याची माझी ओळख नाही.”

“अगं तोच मी!”

“असशील. पण तू गप्प बसायचास ते दादाच्या नावाला धक्का लागेल म्हणून. उद्या स्वतःच्या नावावर आलास की? तेव्हाही तोंड उघडशील की लाथ घालशील?” तिने पडलेला ऊस उचलला. “आधी त्याचं नाव त्याला दे. पळून जाऊन नाही, रीतसर. मग लेईला घेऊन ये. त्याला सांगेन माझं नाव, वाटलं तर.”

“वाटलं तर?”

“वाटलं तर.”

आणि मी तिथल्या तिथे लेई झालो. गाडीवर हात आपटला, उसाची मोळी कोसळली, मी तरातरा निघालो. वळून बघितलं नाही. म्हणजे एकदा बघितलं. ती उसवाल्याला मोळी उभी करून देत होती.

दुसऱ्या दिवशी गाओपुढे अर्ज ठेवला. तुला माहीत नसेल म्हणून सांगतो, कारखाना सोडायच्या दोन रीती. एक म्हणजे सरळ चालू पडायचं. बरेच जण तेच करतात. पण मग त्या नावावर कायमचा शिक्का बसतो आणि माझ्या नावाशेजारी तुझं नाव जाऊन बसलं असतं. दुसरी रीत म्हणजे अर्ज, आणि त्यावर लाईन लीडरची सही. आता परदेशातल्या सणाच्या मागणीचे दिवस. गाओ कुणाला शिंकायलाही सुट्टी देत नाही.

“अर्ज?” त्याने कागदाचा बोळा केला. “बकरीला घाल.”

पुढच्या दिवशी नवा अर्ज.

“काय रे हुनान, मुलगी पळाली का?”

“नाही, साहेब.”

“मग तू का पळतोयस?”

त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा. त्याने मला जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून उभं केलं. माझ्यामागून सगळी लाईन जेवायला गेली. तीही गेली. भिंतीवर एक डास बसला होता, मी त्याच्याकडे बघत होतो आणि तो माझ्याकडे. चालू पडणं किती सोपं होतं! गेट उघडंच असतं. पण त्या भिंतीपाशी मला एक गोष्ट कळली. आता मी तुझं नाव वाचवत होतोच, पण उभा होतो तो लेई. भूक लेईला लागली होती. अपमान लेईचा चालला होता. आणि लेई उभा राहू शकत होता. हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

शेवटी गाओच वैतागला. “बाकीचे भिंत चढून पळतात. तू रोज येऊन माझं डोकं का खातोस?”

“या नावाने परत यायचंय, साहेब. म्हणून चांगल्या नावाने जायचंय.”

त्याने अर्ज पहिल्यांदाच वाचला. मग म्हणाला, “तुझ्या जागेवर माणूस तयार कर. लाईन अडखळली तर अर्जाचं नाव काढायचं नाही.”

माझ्या जागी ग्वेइचोची एक मुलगी दिली. तिच्या हातून स्क्रू सारखे पडायचे. गाओ म्हणाला, ही कामाची नाही. मी तिच्यावर एकदाही ओरडलो नाही. बरं, एकदा ओरडलो. ती रडायला लागली आणि रडताना तिने डोळे डाव्या हाताने पुसले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, पोरगी डावखुरी आहे आणि इथलं सगळं उजव्या हाताचं. स्क्रूड्रायव्हर वरून टांगलेला असतो, तो मी डावीकडे सरकवून बांधला, स्क्रूची वाटी डावीकडे ठेवली, ओरडल्याबद्दल तिची माफी मागितली. काल संपूर्ण पाळी लाईन एकदाही अडखळली नाही. गाओने सही केली. “परत आलास तर माझ्याच लाईनवर ये,” म्हणाला. त्याचा आवाज जरा बसला होता. किंवा ओरडून बसला असेल.

तर ओळखपत्र या पत्रासोबत रजिस्टर पोस्टाने पाठवतोय. नाव स्वच्छ आहे, शिक्का नाही. लगेच निघ. काही गोष्टी मात्र ध्यानात ठेव, कारण तू इथे बरंच काही करून बसला आहेस. तू एक दिवस भिंतीकडे तोंड करून उभा राहिलास. उन्हाळ्यात स्क्रू मारायच्या स्पर्धेत तू पहिला आलास आणि तुला थर्मास मिळाला, तो घेऊन जा, कपाटात आहे. दक्षिण खानावळीतली वाढपी बाई तुला भातावर जास्तीचा रस्सा घालते, तिला ‘मावशी’ म्हणायचं. साच्यांचा विभाग कारखान्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे, गाओची आणि तुझी गाठ पडायची नाही. पडलीच तर म्हण, गावी जाऊन जाडा झालो. आणि ग्वांगशीच्या एका घरी नव्या वर्षाला तुझी वाट बघत असतील, तर तू जायचं नाहीस. तेवढं मात्र माझं.

माझी काळजी करू नकोस. मागच्या गल्लीत लोखंडी पत्रे कापायचा एक छोटा कारखाना आहे, तिथे उद्यापासून जातोय. माझ्याच नावाने. मालकाने विचारलं, “आधी कुठे काम केलंस?” मी खरं ते सांगितलं. “का काढलं?” तेही सांगितलं. तो म्हणाला, “इथे असलं काही केलंस तर मी स्वतः लाथ घालीन.” मी बरं म्हटलं. काकूला सांग, पुढची बरणी त्या पत्त्यावर पाठव. आणि बाबांना माझा नमस्कार सांगच. कॉलेजातून नाही, कारखान्यातून आहे म्हणून सांग. ते काय बोलतील ते बोलू देत.

आज रविवार. तिला निरोप पाठवलाय, उत्तर गेटवर लेई येतोय. उत्तर आलेलं नाही. ती येईल की नाही, माहीत नाही. आली तरी नाव सांगेल की नाही, माहीत नाही. तिथे पोचल्यावर तिला हाक काय मारायची, तेही माहीत नाही. सकाळपासून तीनदा केस विंचरले. तुझं नाव गळ्यात होतं तेव्हा असं कधी झालं नव्हतं.

पिशवी भरून झाली. बिल्ला काल जमा केला. खोलीतले रात्रपाळीवाले पडदे ओढून झोपलेत, कुणीतरी झोपेतच हात हलवतंय, स्क्रू मारतंय बहुतेक. आजवर मी जिथून निघालो तिथून दार आपटून निघालो, दादा. घरातून, कॉलेजातून, इथून. आता उठतो, बाहेर होतो, आणि हे दार ओढून घेतो. कुणाला जाग येणार नाही असं.

तुझा,
श्यांग लेई